पाठीवरची रेघ

आमच्या सरांकडे रविवारी सकाळी प्रश्न घेतल्याशिवाय जायची सोय नव्हती. उशिरा गेलेलं एखादवेळी खपून जायचं, पुस्तक विसरलेलंही चालायचं, पण डोकं रिकामं घेऊन गेलेलं मुळीच चालायचं नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत मी बसले की सर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "हं, प्रूफवाली, आजचा प्रश्न?" आणि मी आठवडाभर मनात घोळवलेला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायचे. प्रश्न बरा असला तर ते टाळी वाजवायचे, वाईट असला तर खो खो हसायचे, आणि मग आम्ही वाचायला बसायचो.

प्रूफवाली हे नाव त्यांनीच ठेवलेलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. औषधांच्या खोक्यांतली घडीची पत्रकं, शाळेची पुस्तकं, जे समोर येईल ते. एकवीस वर्षांपूर्वी सरांचं पुस्तक आमच्याकडे छापायला आलं. पानोपानी प्राचीन चिनी अक्षरं होती आणि छापखान्यात ती ओळखणारं कोणीही नव्हतं. मलाही कुठे येत होती? मी नुसते आकार जुळवत गेले, हस्तलिखितातलं हे आणि छापलेलं हे, आणि अकरा चुका काढल्या. सर स्वतः छापखान्यात आले, चुकांची यादी दोनदा वाचली आणि म्हणाले, "वाचता येत नसताना हिला एवढं दिसतं. वाचता आलं तर काय होईल?" त्या रविवारपासून मी त्यांच्याकडे जायला लागले. सर नसते तर मी आयुष्यभर गोळ्या जेवणाआधी की जेवणानंतर एवढंच वाचत बसले असते.

ते पुस्तक म्हणजे सरांचं आयुष्य. चाळीस वर्षांपूर्वी एका फार जुन्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला एक लहानसा ग्रंथ सापडला होता. बोटापेक्षा अरुंद अशा सत्त्याऐंशी पट्ट्या, प्रत्येकीवर वरून खाली एकच ओळ. त्या काळी अशा पट्ट्या दोऱ्याने ओवून, चटईसारख्या गुंडाळून ठेवत. दोरे केव्हाच कुजून गेलेले, त्यामुळे हाती आला तो नुसता ढीग. कुठल्या पट्टीनंतर कुठली, याचे आकडे कोणी घालून ठेवलेले नव्हते. शिवाय त्या लिखाणाला स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. वाक्य कुठे संपतं ते अर्थ लागल्यावर कळतं आणि अर्थ लागायला वाक्य कुठे संपतं ते आधी कळावं लागतं. एकेका अक्षरावर आमचा तासतास गेलेला आहे, आणि ते तास माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे आहेत.

ग्रंथ संवादाचा होता. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, आणि प्रत्येक बोलणं नव्या पट्टीवर सुरू होतं. सरांनी ऐन उमेदीची एकोणीस वर्षं खपून पट्ट्यांचा क्रम लावला: आधी प्रश्न, मग उत्तर. दुसरं काय असणार? फक्त एक उत्तर जास्तीचं उरलं. त्याचा प्रश्न हरवला असावा, असं सरांनी तळटीपेत लिहिलं. एक पट्टी कोरीच निघाली. ती वेष्टणाची असणार म्हणून सरांनी सगळ्यांच्या वर ठेवली. अभ्यासक तोच क्रम मानत आले होते आणि, खरं सांगायचं तर, त्या क्रमाने ग्रंथ अगदी फिका लागायचा. पोहरा कुठे पडला? तिसऱ्या विहिरीत. बरं मग? असलं काहीतरी लिहून कोणी थडग्यात कशाला ठेवेल, हा प्रश्न मी सरांना किती रविवार विचारला असेन त्याची गणती नाही. दर वेळी ते टाळी वाजवायचे, पण उत्तर मात्र द्यायचे नाहीत.

यंदा त्या पट्ट्यांच्या पाठींची छायाचित्रं आली. इतकी वर्षं त्या पाठीच्या बाजूने लाकडी पाट्यांवर चिकटवून ठेवलेल्या होत्या. आता नव्या पेटीत ठेवण्यासाठी सोडवल्या तेव्हा कोणीतरी शहाणपणाने पाठींचेही फोटो काढले आणि सगळ्यांसाठी खुले केले. एका शनिवारी छापखान्यातल्या मशीनवाल्या काकांची मनधरणी करून मी ते मूळ आकारात, एका बाजूला तोंड आणि दुसऱ्या बाजूला पाठ, असे छापून घेतले, कात्रीने सत्त्याऐंशी पट्ट्या कापल्या आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर पसरल्या. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करतो. शनिवारी त्याला अर्धी सुट्टी असते. तो टेबलाकडे बघून म्हणाला, "म्हणजे आज आपण उभ्याने जेवायचं."

पाठीवर लिहिलेलं काही नव्हतं. फक्त काही पट्ट्यांवर एक बारीक ओरखडा दिसला. मग आणखी काहींवर. मग मी भिंग आणलं तर तो सगळ्यांवर होता, कुठे वर, कुठे मधे, कुठे पार तळाशी, आणि सगळीकडे तिरका. मुद्रितं तपासणाऱ्याच्या डोळ्याला एक खोड असते, सारखं दिसलं की ते जुळवून बघायचं. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या, ओरखडा तुटला. तिसरी ठेवली, आणि तो एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर सुतासारखा सरळ उतरला. बांबू चिरण्याआधी कोणीतरी अख्ख्या कांड्याभोवती सुरीची तिरकी रेघ ओढून ठेवलेली होती! पट्ट्या बरोबर लागल्या की रेघ अखंड जाते, चुकल्या की मोडते. आकडे नव्हते कोण म्हणतं? त्या माणसाने एका फटकाऱ्यात सगळे आकडे घालून ठेवले होते आणि आम्ही चाळीस वर्षं पट्ट्यांच्या तोंडाकडेच बघत बसलो होतो.

चार वाजेपर्यंत सत्त्याऐंशीही पट्ट्या लागल्या, रेघ कुठेही न तुटता. मग मी एकेक उलटून वाचायला लागले आणि पाचव्या पट्टीपाशी उठून उभीच राहिले. गुरू म्हणाले, तिसऱ्या विहिरीत. शिष्याने विचारले, पोहरा कुठे पडला? गुरू म्हणाले, मी थकलो म्हणून. शिष्याने विचारले, नदी का थांबली? पहिल्या पट्टीपासून तेच. आधी उत्तर, मग प्रश्न. फिका ग्रंथ एकदम जिवंत झाला आणि मी एकटीच मोठमोठ्याने हसायला लागले.

"फ्रिजच्या वर," नवरा आतल्या खोलीतून म्हणाला.

"काय फ्रिजच्या वर?"

"तू विचारलंस ना काहीतरी?"

"मी हसले फक्त."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा पेपरात शिरला. दहा मिनिटांनी मला एक फाटलेली पट्टी सांधायला गोंद हवा होता. सगळे खण पालथे घातले आणि ओरडले, "अहो, गोंदाची बाटली कुठे ठेवलीत?" आतून उत्तर आलं नाही. मग तो दारात येऊन उभा राहिला, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी फ्रिजवर पाहिलं.

आम्हाला हसू आलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की असं होतं, मनातलं कळतं, असं आम्ही म्हणालो. पण त्याच संध्याकाळी वाण्याच्या दुकानात मी तोंड उघडण्याआधी वाणी "उद्या सकाळी येईल" म्हणाला आणि नंतर मी ब्रेडबद्दल विचारलं. वर जिन्यात शेजारीण भेटली, "सातवीत गेला की आता" म्हणाली, आणि तिच्या नातवाची चौकशी माझ्या तोंडून निघाली ती त्यानंतर. कोणाच्याही चेहऱ्यावर काही वावगं दिसत नव्हतं. वावगं मलाही वाटलं नाही. मी एवढ्या आनंदात होते की सगळं जगच माझ्या शोधाची वाहवा करायला रांगेत उभं राहिलं आहे असं वाटत होतं.

भीती होती ती वेगळीच. सर एक्क्याऐंशी वर्षांचे, हृदय अधू झालेलं, डॉक्टरांनी जिना उतरायला बंदी केलेली. त्यांची धाकटी बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, त्यांना फुलासारखं जपत होती. आणि मी त्यांना सांगायला निघाले होते की तुमची एकोणीस वर्षं उलटी लागली आहेत. रविवारी सकाळी जाताना मी वाक्य दहादा जुळवलं. हळू सांगायचं, एकदम नाही. सरांना हे सोसलं नाही तर मला ग्रंथ नको आणि शोधही नको, असं मी बजावून बजावून स्वतःला सांगत होते, आणि पाय मात्र धावत होते.

दार सरांनीच उघडलं. "हो," ते म्हणाले. "तुझंच बरोबर आहे."

मी उंबऱ्यावरच थबकले. मग आत जाऊन खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर घट्ट धरली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हं, प्रूफवाली, आजचा प्रश्न?"

"सर, तुमचा क्रम उलटा लागलाय असं मी म्हटलं, तर तुम्हाला पटेल?"

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की ते मी जन्मात विसरणार नाही. सुट्टी लागलेल्या मुलाचा चेहरा होता तो. "काढ," ते म्हणाले. आम्ही पट्ट्या त्यांच्या पलंगावर पसरल्या. सरांनी रेघेवरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा वरून खाली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरून आक्कांना हाक मारणार तेवढ्यात ते हसायला लागले. "एकोणीस वर्षं गं! एकोणीस वर्षं मी त्या बिचाऱ्या गुरूच्या तोंडून शिळी उत्तरं वदवून घेतली! आक्का, इकडे ये, तुझा भाऊ किती मोठा गाढव आहे ते बघ!"

आक्का हात पुसत आल्या, पट्ट्यांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. "ते मला आधीपासून माहितीय," त्या म्हणाल्या. "गोळी घेतलीस का?"

आम्ही शेवटपर्यंत वाचलं. शेवटून दुसऱ्या पट्टीवर ते जास्तीचं उत्तर होतं: गुरू म्हणाले, पूर्वेच्या टेकडीवर, दोन झाडांच्या मधे. सरांनी पूर्वी त्याचा अर्थ पाठशाळेची जागा असा लावला होता. त्यानंतर होती कोरी पट्टी, आणि तिच्या पाठीवरून रेघ नीट खाली उतरून तिथेच संपत होती. म्हणजे ती वेष्टणाची नव्हती, तिची जागा तीच होती.

"दोन झाडांच्या मधे," सर पुटपुटले. "प्रश्न काय असेल सांग."

मला कळलं होतं. मी कोरी पट्टी उगाच सरळ करत राहिले.

"तुम्हाला कुठे पुरायचं, हाच असणार," सर म्हणाले, अगदी मजेत. "गुरूने उत्तर देऊन टाकलं. आणि शिष्याने पट्टी घेतली, समोर ठेवली, आणि विचारलंच नाही."

"का नाही विचारलं?"

"उत्तर आवडलं नसेल." त्यांनी कोरी पट्टी उचलून खिडकीकडे धरली. "मग तो गुरू पुष्कळ जगला असेल, नाही?"

आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात चुका सोडून सगळं काही बघत होते. मशीनवाले काका म्हणाले, "प्रेमात पडल्यासारखी काय करतेस या वयात?" संध्याकाळी घरी नवरा भाजी चिरत होता. पाठमोराच म्हणाला, "डाव्या हाताला. पण फार नाही."

मी धावत जाऊन त्याचा हात बघितला. धडधाकट होता. त्याला सांगितलं, उद्या दुकानात जपून काम करा. तो म्हणाला, मी रोजच जपून करतो, तुझं काय चाललंय हल्ली? मीही मनाशी ठरवलं की हे एकदा तपासून बघायचंच. या उत्तराचा प्रश्न विचारायचा नाही. खरं सांगते, त्यात काळजी होती त्याच्या दुप्पट उत्सुकता होती.

मंगळवारी सहा वाजता तो आला. दार उघडलं तर डाव्या हाताला रुमाल गुंडाळलेला, उजव्या हाताने तो दाबून धरलेला, आणि चेहरा काहीतरी सांगायच्या तयारीतला. मी ओठ मिटले. तो काही बोलला नाही. आत या, म्हटलं, तर आला नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. तसाच चौकटीत उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघत, रांगेत आपली पाळी यायची वाट बघणाऱ्या माणसासारखा शांत. मी स्वयंपाकघरात जाऊन आले, टेबल आवरलं, पानं वाढली. तो उभाच. रुमाल पांढरा स्वच्छ होता, इस्त्रीची घडी सुद्धा दिसत होती. जिन्यातून शेजारीण गेली, त्याला वळसा घालून गेली, पण त्याच्याशी बोलली नाही. घड्याळात पाहिलं तर पाऊण तास झाला होता, आणि मला एकाएकी ते बघवेना.

"कुठे लागलं?" मी विचारलं.

त्याचे खांदे सैल झाले. "सांगितलं ना, डाव्या हाताला. काच फुटली. फार नाही," तो म्हणाला आणि आत आला, आणि रुमालावर लाल डाग उमटून हळूहळू मोठा होत गेला.

बुधवारी दुपारी छापखान्यात फोन आला. आक्कांचा होता. आवाज बसलेला, पण स्थिर.

"नाही गं," त्या म्हणाल्या, "त्रास काहीच नाही झाला त्यांना. वाचता वाचताच मान टेकली."

मशीन चालू होतं. मी रिसिव्हर कानाला इतका दाबला की कान दुखायला लागला. आणि मग पलीकडून, मागून, सरांची आरोळी ऐकू आली, "तिला म्हणावं रविवारी येताना मोठे कागद आण! रेघेचा नकाशा काढायचाय!" आणि आक्का आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ऐकलंस ना? मोठे कागद. स्वस्थ बसवत नाहीये त्यांना." फोन ठेवला गेला.

त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप घातलं. नुसता आक्कांच्या त्या उत्तराचा प्रश्न नाही, कुठलाच नाही. एकाच्या मागून दुसरा घसरत आला तर काय घ्या. घरी मी विधानं करायला लागले. मीठ हवंय. तुम्ही दमलेले दिसता. मला वेळ कळत नाहीये. नवरा म्हणाला, बातम्या वाचल्यासारखी बोलतेस. रोज सकाळी सरांचा फोन यायचा आणि मी नुसती हं हं करत ऐकायचे. ते अखंड बोलत. चाळीस वर्षांची आपली चूक जाहीर कबूल करणारा लेख त्यांनी लिहायला घेतला होता, आणि तो लिहिताना त्यांना एवढी मजा येत होती की मध्येच वाक्य सोडून ते हसत सुटत. "अगं, बरोबर असण्यात काही अर्थच नव्हता! आत्ता कुठे मला वाचता यायला लागलंय!" आवाज चाळिशीतल्या माणसाचा वाटायचा. एवढे खुशीत असलेले सर मी कधी पाहिले नव्हते, आणि ही खुशी मी त्यांना दिली होती.

शुक्रवारी मी पट्ट्या टेबलावर घेतल्या आणि त्या पुन्हा सरांच्या जुन्या क्रमाने लावायला बसले. काय होईल ते माहीत नव्हतं, पण करून बघण्यासारखं एवढंच होतं. पाच पट्ट्या लावल्या. पोहरा कुठे पडला? तिसऱ्या विहिरीत. पाठी उलटून पाहिल्या तर रेघ चारही सांध्यांवर मोडलेली. मी तिच्याकडे बघत राहिले. सर वाचावेत म्हणून मी काहीही द्यायला तयार होते, असं मी स्वतःला सांगत आले होते. आणि आता मागणं होतं ते एवढंच, तर माझ्याने ते होईना. ती रेघ बरोबर होती. मी ती शोधली होती. पाच पट्ट्या पुन्हा होत्या तिथे ठेवल्या आणि रडले, आणि रडतानाही दोन पट्ट्यांमधला एक नवीन दुवा लक्षात आला तो कागदावर टिपून ठेवला. अशी मी आहे.

रविवारी मोठ्या कागदांची गुंडाळी काखेत घेऊन निघाले. सकाळ लख्ख होती. तो दुवा सरांना कधी सांगते असं झालं होतं; भीती होतीच, पण पाय तिला विचारत नव्हते. जिना चढले, घंटा वाजवली.

दार आक्कांनी उघडलं. त्यांचे केस विस्कटलेले होते आणि दोन्ही हात छातीशी धरलेले. डोळे कोरडे होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, ओठ किंचित उघडे, जे सांगायचं ते जिभेवर घेऊन. मी एक शब्द बोलले नाही. त्यांना वळसा घालून आत गेले.

सर खुर्चीत होते. पलंगावर पट्ट्या पसरलेल्या, उजेड थेट त्यांच्यावर पडलेला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि चेहरा उजळला. "ये ये. कागद आणलेस, शाब्बास. हं, प्रूफवाली, आजचा प्रश्न?"

"आज प्रश्न नाही, सर. आज नुसतं वाचू या."

त्यांनी मान हलवली. "वाचू या," ते म्हणाले. "वाचण्यासारखं आहे खरं."

आणि आम्ही वाचतो आहोत. असं वाचन आमचं कधी झालं नव्हतं. ज्या अक्षरांवर पूर्वी तासतास जायचे ती आता हात लावायचा अवकाश की उघडतात. सर एक वाक्य धरतात, मी पुढचं धरते, कधी दोघं एकदमच टाळी वाजवतो. माझा दुवा ऐकून त्यांनी मला अक्षरशः मिठी मारली. त्यांचे हात गार होते, पण खिडकी उघडी आहे. शेवटापर्यंत जाऊन आम्ही पुन्हा पहिल्या पट्टीपासून सुरुवात केली, मग पुन्हा, आणि दर वेळी नवीन काही सापडतं. उजेड अजून पलंगावरच आहे, इतका वेळ होऊनही सरकलेला नाही. मला तहान लागली आहे. घरी नवरा वाट बघत असेल. सर म्हणतात, अजून एकदा, आणि मी हो म्हणते, कारण मलाही अजून एकदा हवंच आहे.

मान वळवायची नाही असं ठरवलं आहे, पण पट्टी उचलताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतंच. दार उघडं आहे, आणि आक्का अजून तिथेच उभ्या आहेत, माझ्या तोंडाकडे बघत.